ग्लुकोमीटर खोटं बोलतं का? पुण्यातल्या एका पेपरचं वाचन

ज्या घरात मधुमेह आहे, त्या घरात एक वाद कधी ना कधी होतोच. समजा, सकाळी उपाशीपोटी घरच्या मीटरवर १५२ आलं आणि त्याच सकाळी लॅबला दिलेल्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी १३४ म्हणून आला. घरातलं एक माणूस म्हणतं मीटर बंडल आहे, दुसरं म्हणतं लॅबवाल्यांनी घोळ घातला. शेवटी तोडगा निघतो, "एचबीएवनसी करून टाकू. तीन महिन्यांची सरासरी कळेल, विषय संपेल."

विषय खरंच संपतो का, हे आज बघू. ही पोस्ट आरोग्यसल्ल्याची नाही. पेट किंवा नेट-सेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींसाठी ही एका पेपरची समीक्षा आहे. पण या पेपरचा संबंध थेट आपल्या घरातल्या मीटरशी येतो, म्हणून तो निवडला. शिवाय काम पुण्यातलं आहे, रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलच्या डायबेटिस युनिटचं. हार्डीकर आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१२ मध्ये 'डायबिटीस केअर'मध्ये आला. गटाचे प्रमुख डॉ. चित्तरंजन याज्ञिक. पेपरच्या नावातच मुद्दा येतो. तरुण भारतीयांत एचबीएवनसीने प्रीडायबेटिसचं जे प्रमाण दिसतं ते फसवं, वाढीव आहे, आणि त्याचं कारण अंशतः रक्ताचे इतर घटक आणि लोहाच्या कमतरतेचा अॅनिमिया हे आहे, असं लेखक म्हणतात. त्यातला 'अंशतः' हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

पेपरमध्ये केलं काय

केईएममध्ये १९८७ ते ८९ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांचा एक गट या संशोधकांनी वर्षानुवर्षं पाहिला. 'पुणे चिल्ड्रन्स स्टडी' म्हणतात तो हाच. ही मुलं साधारण २१ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी ११६ जणांची ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट केली, म्हणजे उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. त्याच लोकांचं एचबीएवनसीही मोजलं. सोबत हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि फोलेट बघितलं.

निकाल असा. ग्लुकोज टेस्टप्रमाणे ७.८ टक्के लोक प्रीडायबेटिसमध्ये, एचबीएवनसीप्रमाणे २३.३ टक्के. मधुमेह मात्र दोन्ही चाचण्यांनी २.६ टक्केच.

आता पेपर वाचताना लावायची पहिली सवय. टक्केवारी दिसली की तिची माणसं करा. ११६ पैकी ७.८ टक्के म्हणजे ९ जण. २३.३ टक्के म्हणजे २७ जण. २.६ टक्के म्हणजे ३ जण. एका चाचणीने ९ आणि दुसरीने २७, म्हणजे तिप्पट. एकविशीतल्या, बहुतेक सडपातळ मुलामुलींपैकी जवळजवळ चौथ्या हिश्शाला "तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात" असं सांगायला ही दुसरी चाचणी तयार होती.

एचबीएवनसी फसतं कसं

हिमोग्लोबिन तांबड्या पेशीत असतं. पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढ्या काळात रक्तातली साखर हळूहळू हिमोग्लोबिनला चिकटत जाते, आणि चिकटलेला वाटा किती हे एचबीएवनसी सांगतं. म्हणजे ही चाचणी दोन गोष्टींवर चालते: रक्तात साखर किती होती आणि पेशी किती दिवस त्या साखरेत पोहत होती. आपण पहिलीच गोष्ट वाचतो आणि दुसरी सगळ्यांची सारखीच असेल असं गृहीत धरतो.

लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात आणि रक्तात जुन्या पेशींचा वाटा वाढतो. साखर तेवढीच असूनही आकडा वर सरकतो. उलट, पेशी लवकर फुटण्याचा आजार असेल, बराच रक्तस्राव झाला असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर आकडा खाली येतो. अॅनिमिया म्हटलं की एचबीएवनसी नेहमी वरच जातं असं समजू नका. कोणत्या प्रकारचा अॅनिमिया, यावर ते आहे.

यातली एक गोष्ट घरोघरी लागू पडते. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की नव्या पेशी येतात आणि साखर तसूभरही न हलता एचबीएवनसी खाली येऊ शकतं. त्याच तीन महिन्यांत घरात कारल्याचा रस सुरू झालेला असेल, तर श्रेय कुणाला मिळणार ते सांगायला नको.

पेपरवरचे आक्षेप

पेपर मला आवडतो, पण आवडणं ही समीक्षा नव्हे. मुलाखतीत पॅनेल विचारेल, "मर्यादा सांगा." तेव्हा "सॅम्पल साइज लहान आहे" एवढं म्हणून थांबू नका. तो आक्षेप बहुतेक पेपरला चालतो, म्हणून त्याने फारसं काही कळत नाही. नेमकं सांगा.

पहिला आक्षेप मधुमेहाच्या आकड्याबद्दल. २.६ आणि २.६ दिसले की "मधुमेह ओळखायला दोन्ही चाचण्या सारख्याच" असं वाक्य लिहायचा मोह होतो. पण ते तीन-तीन जण आहेत. तिघांवरून असा निष्कर्ष निघत नाही. आणि दोन चाचण्यांची टक्केवारी सारखी आली म्हणजे माणसंही तीच, असं आपोआप होत नाही. एका चाचणीने पकडलेल्यांपैकी दुसरीने किती पकडले, हे दोन-बाय-दोनच्या तक्त्यातच दिसतं. कुठलाही 'अ चाचणी विरुद्ध ब चाचणी' पेपर हातात घेतला की आधी तो तक्ता शोधा. छापलेला नसेल तर स्वतः मांडून बघा.

दुसरा आक्षेप 'खरं' कशाला म्हटलं याबद्दल. 'फसवं' म्हणायचं तर खरं काय ते ठरलेलं हवं. इथे खरं म्हणजे ग्लुकोज टेस्ट. पण ती टेस्टही त्याच माणसावर पुढच्या आठवड्यात केली तर वेगळा निकाल देऊ शकते, आणि सीमारेषेजवळच्या लोकांत तर हे सर्रास होतं. एका दिवशी एकदाच केलेली टेस्ट आपण रेफरन्स मानतो, कारण आपल्याकडे तिच्याहून चांगलं हाताशी काही नसतं. त्यात चूक काही नाही, फक्त ते मानलेलं आहे हे विसरू नये.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ५.७ ते ६.४ ही एचबीएवनसीची प्रीडायबेटिसची पट्टी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मधुमेहासाठी ६.५ ची रेघ मान्य केली, पण प्रीडायबेटिससाठी एचबीएवनसीची पट्टी दिली नाही. ग्लुकोज टेस्टची प्रीडायबेटिसची रेघ आणि ही पट्टी एकमेकींवर बेतलेल्या नाहीत. मग ज्यांच्या अंगात लोह भरपूर आहे, त्यांच्यातही या दोन चाचण्यांचे आकडे जुळणार नाहीतच. तर ९ आणि २७ मधल्या फरकाचा किती भाग लोहाचा आणि किती भाग निव्वळ दोन वेगळ्या रेघांचा? लेखकांनी नावात 'अंशतः' लिहिलंय ते उगाच नाही. आपण पेपर उद्धृत करताना मात्र तोच शब्द गळतो आणि उरतं, "लोहाच्या कमतरतेमुळे एचबीएवनसी चुकतं." हा आपला दोष, लेखकांचा नाही.

आता मीटरकडे

मुळात वाद मीटर आणि लॅबचा होता. मीटरवर विश्वास नाही म्हणून आपण एचबीएवनसीकडे गेलो, आणि तिथे हे निघालं. मग मीटर तरी बरं का?

घरच्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ हे मानक आहे. त्याची २०१३ ची आवृत्ती सांगते की साखर १०० किंवा वर असेल तर ९५ टक्के रीडिंग लॅबच्या आकड्याच्या १५ टक्क्यांच्या आत यावीत, आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे खरी साखर १८० असताना मीटरने १५३ दाखवलं किंवा २०७ दाखवलं, तरी ते मीटर मानकात पास. काल १७० होती आणि आज १८८ झाली म्हणून घरात चिंतेचं वातावरण होतं, तेव्हा कदाचित साखर हललीच नसते. आणि हे झालं ९५ टक्के रीडिंगचं. उरलेली पाच टक्के याहून लांब जाऊ शकतात.

शिवाय हे मानक प्रशिक्षित माणसाच्या हातात, चांगल्या पट्ट्यांवर तपासलं जातं. आमरस खाऊन बोट नुसतं नॅपकिनला पुसलंय, हे त्यात धरलेलं नसतं. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक साधा प्रयोग छापला. मधुमेह नसलेल्या लोकांनी फळं सोलली आणि हात न धुता बोट टोचलं. रीडिंग भरमसाट वर गेलं. अल्कोहोलने बोट पुसूनही ते पूर्ण खाली आलं नाही. नळाच्या पाण्याने हात धुतल्यावर आलं. म्हणून एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे अचानक 'शुगर वाढली' असं दिसलं, तर त्यातली थोडी पोटातली असेल आणि थोडी बोटावरची.

पण या पोस्टचा खरा मुद्दा पुढचा आहे. थेंबभर रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, याला हेमॅटोक्रिट म्हणतात. अॅनिमियात तो कमी होतो. पेशी कमी असल्या की त्या थेंबातली साखर पट्टीवरच्या रसायनापर्यंत सहज पोचते आणि मीटर जास्त आकडा दाखवू शकतं. काही मीटर ही चूक आतल्या आत दुरुस्त करतात, काही कमी करतात. २०१३ च्या मानकात हेमॅटोक्रिटचा परिणाम तपासायची अट आली. पट्टीच्या डबीसोबत बारीक अक्षरातला जो कागद येतो आणि जो आपण सरळ कचऱ्यात टाकतो, त्यावर हेमॅटोक्रिटची मर्यादा छापलेली असते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. लोह कमी असलेली बाई. तिचं एचबीएवनसी खऱ्यापेक्षा वर. तिच्या घरचं मीटरही, ते तशा जातीचं असेल तर, खऱ्यापेक्षा वर. दोन चाचण्या, दोन वेगळी तंत्रं आणि दोघींचं उत्तर एकच: "साखर जास्त आहे." डॉक्टरांना वाटतं दोन स्वतंत्र पुरावे मिळाले. ते स्वतंत्र नाहीत. दोघांच्या मागे एकच अॅनिमिया उभा आहे.

मेथडॉलॉजीच्या वर्गात 'ट्रायअँग्युलेशन' शिकवतात ना, एकच गोष्ट दोन पद्धतींनी मोजा, उत्तर जुळलं की भरवसा वाढतो? त्याची अट क्वचितच फळ्यावर लिहिली जाते. दोन्ही पद्धतींच्या चुका एकमेकींपासून सुट्या असल्या तरच भरवसा वाढतो. चुकीचं मूळ एकच असेल, तर उत्तरं जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही, उलट चुकीवरचा आपला विश्वास पक्का होतो.

आणि हे फक्त वर्गातलं नाही. असे दोन वाढीव आकडे बघून गोळीचा डोस वाढला, तर काही गोळ्या अशा आहेत की त्यांनी साखर प्रमाणाबाहेर खाली जाते. पहाटे दरदरून घाम, थरथर, गोंधळ. ज्या बाईची साखर मुळात तेवढी नव्हतीच, तिच्या वाट्याला हे येऊ शकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये अॅनिमिया आढळला. तो आकडाही बोटातल्या थेंबावरून काढलेला आहे, आणि शिरेतलं रक्त घ्यायला हवं होतं अशी टीका त्यावर झाली. म्हणजे इथेही तोच प्रश्न. पण टीका धरून आकडा बराच खाली आणला, तरी आपण बोलतोय ती बाई दुर्मीळ नाही.

तेच मीटर सर्वेक्षणात

इथे दुसरा पेपर घेऊ, कारण घरातलं मीटर संशोधनातही असतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाचा पहिला टप्पा २०११ मध्ये 'डायबेटोलॉजिया'त छापून आला. तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंदीगड मिळून १३,०५५ लोक. महाराष्ट्रात मधुमेहाचं प्रमाण ८.४ टक्के, म्हणजे राज्यात सुमारे ६० लाख लोक, असा अंदाज त्यात आहे. साखर मोजली ग्लुकोमीटरवर, वन टच अल्ट्रा, बोटातलं रक्त घेऊन.

पहिली प्रतिक्रिया येते, "एवढा मोठा अभ्यास आणि मीटरवर?" पण खेड्यापाड्यांत घरोघर जाऊन शिरेतलं रक्त घेणं, ते थंड ठेवणं, वेळेत लॅबला पोचवणं यात ज्या चुका होतील, त्या मीटरच्या चुकीपेक्षा लहान असतीलच असं नाही. याच गटाने २०११ मध्ये बोटातल्या आणि शिरेतल्या रक्ताची तुलना वेगळ्या पेपरात छापली, आणि ग्लुकोज घेतल्यानंतरच्या दोन तासांच्या रीडिंगसाठी २०० ऐवजी २२० ची रेघ धरली. कारण खाल्ल्यानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर जास्त असते. शरीराच्या पेशींनी ती अजून उचललेली नसते. उपाशीपोटी हा फरक जवळजवळ नसतो. म्हणजे निवड विचारपूर्वक होती.

तरी एक प्रश्न उरतो. फील्डवर्क २०१३ च्या आधीचं आहे. तेव्हा लागू असलेली २००३ ची आवृत्ती ७५ च्या वरच्या साखरेला २० टक्क्यांची सूट देत होती. उपाशीपोटी १२६ च्या रेघेवर २० टक्के म्हणजे साधारण १०१ ते १५१. तुम्ही म्हणाल, चुका दोन्ही बाजूंना होतील आणि एकमेकींना खाऊन टाकतील. सरासरी काढायची असेल तर हे बऱ्यापैकी खरं आहे. प्रमाण काढायचं असेल तर नाही. लोकसंख्येत १२६ च्या थोडं खाली असलेले लोक थोडं वर असलेल्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतात. दोन्ही बाजूंना सारखी चूक झाली, तरी खालून वर ढकलले जाणारे जास्त आणि वरून खाली येणारे कमी. म्हणून निव्वळ यादृच्छिक चुकीनेही नव्याने सापडलेल्या मधुमेहाचा आकडा फुगतो. त्यातून 'उपाशीपोटीचं किंवा दोन तासांचं, कुठलंही एक वर असलं तरी मधुमेह' असा नियम असला की चूक व्हायला दोन संधी मिळतात. ज्यांना मधुमेह आधीच माहीत आहे त्यांना हा आक्षेप लागू नाही. त्यामुळे ८.४ मधला थोडाच भाग हलेल, पण कुठल्या दिशेला, ते सांगता येतं.

राज्याचं धोरण ठरवायला हा आकडा पुरतो. एका माणसाला "तुम्हाला मधुमेह आहे" सांगायला एक मीटर-रीडिंग पुरत नाही. साधन एकच आहे, कामं दोन आहेत. 'विश्वासार्ह' हा शब्द नुसता वापरू नका, 'कशासाठी विश्वासार्ह' ते लिहा.

१५२ आणि १३४ चा निकाल

आता सुरुवातीचे दोन आकडे. रक्त नळीत गेल्यावरही तांबड्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. घरून सॅम्पल घेऊन जाणारा मुलगा कोथरूडहून निघून आणखी चार घरं करत दोन तासांनी लॅबला पोचला, असं धरा. १५२ मधून तासाला ६ टक्के, दोन तास: १३४. मीटर बरोबर होतं आणि लॅबनेही नळीत जे उरलं तेच प्रामाणिकपणे मोजलं. फ्लोराइडच्या नळीत घट कमी होते, पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो, पहिल्या तास-दोन तासांत साखर घसरतच असते.

दुसरी शक्यताही तेवढीच खरी: साखर १३४ च होती आणि मीटरने १५२ दाखवलं. १३४ च्या १५ टक्के वर म्हणजे १५४, तेव्हा मीटर मानकाच्या आतच आहे. फक्त या दोन आकड्यांवरून कोण चुकलं हे ठरवता येत नाही. घरातला वाद मिटत नाही, कारण तुलनेचं डिझाइनच तो मिटवू शकत नाही.

बरं डिझाइन कसं असेल? मीटर घेऊन लॅबला जा. उपाशीपोटी जा, म्हणजे बोट आणि शीर यांच्यातला फरक मध्ये येणार नाही. हात धुऊन, कोरडे करून, शिरेतलं रक्त घेतात त्याच पाच मिनिटांत बोट टोचा. नळी कुठली आणि तपासणी किती वेळात होणार, ते विचारा. हे एकदा करून थांबू नका, वर्षभरात जेव्हा जेव्हा लॅबला जाल तेव्हा करा. मग प्रत्येक वेळचा फरक लिहा, मीटर वजा लॅब. फरकांची सरासरी सांगेल मीटर एका बाजूला झुकलंय का. फरकांचा पसारा सांगेल एका रीडिंगवर किती भिस्त ठेवायची.

ही कल्पना ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडली, आणि अजूनही आपल्याकडचे कितीतरी प्रबंध दोन उपकरणांची तुलना करताना नुसता सहसंबंध देऊन मोकळे होतात. समजा एक मीटर नेहमी बरोबर २० टक्के जास्त दाखवतं, १०० ला १२०, २०० ला २४०. त्याचा लॅबशी सहसंबंध पूर्ण १ येईल. आलेख सरळ रेषेत, आणि प्रत्येक रीडिंग चूक. व्हायवात कुणी ०.९५ चा सहसंबंध अभिमानाने दाखवला, तर विचारायचं, "फरक किती आणि कुठल्या बाजूला?"

घरच्या वहीत काय असावं

आपल्यापैकी बऱ्याच जणांना घरात 'तू पीएचडी करतोयस ना, मग सांग' असं विचारतात. तेव्हा सांगण्यासारखं थोडक्यात:

साध्या पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा. बोट पिळून थेंब काढू नका, हात खाली सोडून हलका दाब द्या. पट्टीची डबी घट्ट बंद ठेवा. पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातलं गॅसजवळचं कपाट दोन्ही वाईट. मुदत संपलेली पट्टी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. मीटरमधली तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, नाहीतर 'जेवणाआधी' आणि 'जेवणानंतर' यांची सरमिसळ होते. आकडा अनपेक्षित आला तर पुन्हा हात धुऊन दुसऱ्या पट्टीवर बघा, आणि दोन्ही आकडे लिहा. आवडला तो ठेवून दुसरा खोडणं म्हणजे डेटा वाकवणं.

एक अपवाद. आकडा ७० च्या खाली असेल, किंवा घाम, थरथर, चक्कर येत असेल, तर मीटर तपासत बसायचं नाही. आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

आणि वहीच्या पहिल्या पानावर शेवटचं हिमोग्लोबिन आणि त्याची तारीख, लोहाच्या गोळ्या कधी सुरू झाल्या तेही लिहा. एचबीएवनसी आणि घरची रीडिंग जुळत नसतील तर हे पान डॉक्टरांना दाखवा. दोन्ही वर असतील आणि हिमोग्लोबिन कमी असेल तरी दाखवा, आणि डोस वाढवण्याआधी शिरेतल्या रक्तातली साखर वेळेत तपासून घेता येईल का, ते विचारा. स्वतःच्या मनाने गोळी कमी-जास्त करू नका.

सिनॉप्सिस लिहिताना

तुमचा विषय मधुमेह नसेल. मातीतला नत्र असेल, मुलांचं वाचन असेल, नाहीतर मुळा-मुठेचं पाणी. मापनाच्या प्रकरणात तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: मी कशाला खरं मानलंय आणि ते किती पक्कं आहे? माझी चूक एका बाजूला झुकणारी आहे की दोन्ही बाजूंना पसरणारी, आणि रेघ आखली की ती कुठल्या दिशेला नेते? माझ्या दोन पद्धतींच्या चुकांमागे एकच कारण तर नाही?

तिसरा प्रश्न या पेपरने मला शिकवला, जरी त्यात ग्लुकोमीटरबद्दल तो विचारलेला नाही. ११६ जणांच्या पेपरमधून एवढं मिळत असेल, तर तो वाचायला दिलेली एक दुपार वाया जात नाही. मूळ पेपर मिळवा, तक्ते स्वतः मांडा, आणि मी वर घेतलेला तिसरा आक्षेप टिकतो का ते तपासून बघा.